डाव्या चाकाची पिवळी खूण

२ मार्च

काका,

नमस्कार. रागावणार असाल तर आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग एकदाच काय ते रागवा. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकून घेत नाही. म्हणून कागद.

बाबांची गाडी मी शेडमधून बाहेर काढली. काढली म्हणजे सहा महिने झाले, तुम्हाला आज सांगतेय. पत्रा ठोकून सरळ केला, इंजिन उतरवून पुन्हा बांधलं, एक्सल नवे घातले. पगार सगळा त्यातच जातो. कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायचे आणि घरी येऊन स्वतःचे जोडायचे, असं चाललंय.  आई शेडच्या दारापर्यंतसुद्धा येत नाही, जेवायची हाक स्वयंपाकघराच्या खिडकीतून मारते.

एकवीस एप्रिलला गाड्यांची रॅली आहे, मी नाव दिलंय. शेजारी बसून वळणं वाचून दाखवायला माझी मैत्रीण आहे, चष्मिस. दिवसा शाळेत शिकवते, त्यामुळे तिचा आवाज इंजिनवर चढतो.

आता कामाचं. मला हबचे नट ठरवायचे आहेत. चाक ज्या हबवर बसतं त्याला एक्सलवर धरून ठेवणारा मधला मोठा नट. बाबांचं पुढचं डावं चाक तशाच रॅलीत डोंगरातल्या वळणावर निघालं ते तिथूनच, एवढं मला माहीत आहे. पिन तुटली असं सगळे म्हणतात. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते, मला कोणी नीट सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुकानदार तीन प्रकार दाखवतो. एक, खाचांचा कॅसल नट, ज्यात आडवी पिन जाते. दुसरा, आत नायलॉनची कडी असलेला. तिसरा, ज्याची कड ठोसून एक्सलच्या खाचेत दाबतात. बाबांच्या खणात कॅसल नट आहेत, तेलात ठेवलेले, अगदी चकचकीत. मला तेच घालावेसे वाटतात. पण बाबांची गाडी तुम्ही बांधायचात. शिलाई मशिनी दुरुस्त करायला लागलात म्हणून हात विसरले नसतील. सांगा, कोणता घालू?

तुमचा पाना

ता. क. मला या नावानं आता कोणीच हाक मारत नाही. पाने आणून देणारी मुलगी मोठी झाली, तिला आता पाने कोणी आणून देत नाही.


८ मार्च

पाना,

आशीर्वाद. ते तर द्यावेच लागतात.

शेवटपर्यंत वाचलं आणि रागावलो. चौदा वर्षं झाकून ठेवलेली गाडी तुला उघडावीशी का वाटली, हे मी विचारणार नाही. बापाची हाडं तुझ्यात आहेत, नको म्हटलं की दोन पावलं पुढे. वहिनींचं काय होत असेल याचा विचार कर. आणि जमलं तर ते नाव काढून घे.

नाहीच काढणार, हे माहीत असल्यामुळे पुढचं लिहितो.

नायलॉनचा नट घालू नकोस. साध्या गाडीला चालतो. तुझे ब्रेक उतारावर इतके तापतील की कडी मऊ पडेल, आणि मग तो नट नुसता टोपीसारखा वर बसून राहील.

कॅसल नटही नको. त्याच्या खाचा आणि एक्सलचं भोक समोरासमोर आलं तरच पिन जाते. नाही आलं तर नट आणखी थोडा आवळायचा, मागे कधीच फिरवायचा नाही. घाईत हे होत नाही. त्यातून डाव्या बाजूचा नट चाकाच्या फिरण्यानं सैल व्हायला बघतो. आणि मुख्य म्हणजे पिन घालायची कोणाला तरी आठवण राहावी लागते. जे कुलूप माणसाच्या आठवणीवर चालतं ते कुलूप नव्हे.

ठोसायचा नट घे. आवळलास, कड दाबलीस, संपलं. काढलास की फेकून द्यायचा, परत वापरायचा नाही. खर्च होतो, होऊ दे. त्यात दुसऱ्या माणसाचं काही काम नाही.

पिन तुटली हे खरं आहे. लोखंड होतं, तुटलं. चौकशीत तेव्हाच सांगून झालं आहे.

काका


१५ मार्च

काका,

तुमचं ऐकलं, लिहून ठेवा. ठोसायचे चार नट आणले. रविवारी चारही चाकांना आवळले, कडा दाबल्या, चष्मिसनं टॉर्च धरला आणि उपदेश केला. सोमवारी मी पहिल्या पाळीला गेले. शेडला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

चार वाजता आले. उजेड चांगला होता, काही चुकून दिसलं असं नाही. पुढच्या डाव्या चाकाचा नवा नट टेबलावर होता. ठोसलेली कड उचलून सरळ केलेली, कुठे छिन्नीचा ओरखडा नाही. एक्सलवर बाबांच्या खणातला कॅसल नट, आवळलेला. त्यात पिन. आणि नटावरून एक्सलच्या टोकावर जाणारी एक पिवळी रेघ, रंग अजून ओला. बाकी तीन चाकं जशीच्या तशी.

आधी चष्मिसवर संशय घेतला. ती तेव्हा चाळीस मुलांना भागाकार शिकवत होती. आईला विचारलं, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही. मग म्हटलं आपणच केलं असेल आणि विसरलो असू. पण काका, माझ्याकडे पिवळा रंगच नाही.

रेघेचा अर्थ मला कळला. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसणार. बाबांच्या वहीत ते लिहिलेलंही सापडलं. पहिल्याच पानावर: "आवळणारा वेगळा, पिन घालणारा वेगळा. पिवळी खूण पिनवाल्याची. खूण दिसल्याशिवाय मी बसणार नाही." म्हणजे एकाचं काम दुसऱ्याच्या डोळ्याखालून जायचं. आमच्या मोजणीच्या खोलीतही असंच आहे, आणि मला वाटायचं ही अक्कल कारखान्याची.

मग त्या दिवशी आवळणारं कोण होतं आणि पिन कोणाची होती? सहज विचारतेय. मला त्या दिवसातलं फक्त एवढंच आठवतं की तुम्ही दोघं सकाळपासून बोलत नव्हता आणि निरोप माझ्यामार्फत चालले होते.

तो नट मी काढलेला नाही. काढावासा वाटला नाही.

पाना


२० मार्च

पाना,

सहज विचारतेस तर सहज सांगतो. आवळायचा दादा. पिन माझी. खूण माझी. त्या दिवशीही पिन मीच घातली होती, या हातानं, आणि ती तुटली. आणखी किती वेळा सांगू?

तुझ्या शेडमध्ये कोणीतरी चेष्टा करतंय. कुलूप बदल. शेडची एक किल्ली पूर्वी शेजारच्या गॅरेजवाल्याकडेही असायची, त्याला विचार. तो कॅसल नट आजच्या आज काढ आणि ठोसायचा नवा घाल. जुना परत घालू नकोस, एकदा ठोसलेली कड दुसऱ्यांदा धरत नाही.

एक विचारतो. पिनेचे दोन पाय असतात, एक एक्सलच्या टोकावरून वळवतात आणि दुसरा कापून आखूड करून बाजूला वळवतात. त्या पिनेचा आखूड पाय कोणत्या बाजूला वळवलेला आहे? उगाच विचारतोय. कळव मात्र.

काका


३१ मार्च

काका,

गॅरेजवाला वारून सहा वर्षं झाली. कुलूप बदललं, दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात आहेत. चष्मिस म्हणते मी तिजोरी सांभाळणाऱ्या म्हातारीसारखी दिसते.

ऐका आता. कॅसल नट काढला, ठोसायचा नवा घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो टेबलावर, आणि एक्सलवर पुन्हा कॅसल, पिन, पिवळी रेघ. असं तीनदा झालं. माझे तीन नट फुकट गेले. चौथ्यांदा मीच शहाणपणा केला आणि चारही चाकांना कॅसल नट घातले. आता गंमत अशी की तीन चाकांच्या पिना मी आणि चष्मिस घालतो, विकत आणलेल्या पिवळ्या रंगानं खुणाही करतो, आणि डाव्या पुढच्याची कधी घालावीच लागत नाही. मी नट आवळून पाना ठेवायला वळते, परत बघते तर रेघ आलेली असते. भर दुपारी, दार सताड उघडं, रस्त्यावरून माणसं चाललेली. एकदा चष्मिससमोर झालं. ती चष्मा पुसत बसली, बराच वेळ पुसत बसली. मग म्हणाली, "तुझे बाबा आहेत, दुसरं काय."

पहिल्यांदा मी घाबरले, खोटं कशाला बोलू? मानेवर कोणाचा तरी श्वास यावा तसं वाटायचं. पण आता काही वाटत नाही. उलट बरं वाटतं. बाबांनी त्या चाकाची काळजी स्वतःकडे घेतली आहे. मी त्या बाजूला वाकून बघायचंही सोडलं. खूण दिसली की पुढचं काम.

आखूड पाय डावीकडे वळवलेला असतो. डावखुरा माणूस पक्कड धरून वळवेल तसा. आईला विचारलं, बाबा डावखुरे होते का? ती नाही म्हणाली आणि भाजी चिरता चिरता थांबली.  मी मनाशी म्हटलं, पलीकडे गेल्यावर आरशासारखे हात उलटे होत असतील.

तुम्हाला का जाणून घ्यायचं होतं?

पाना


५ एप्रिल
(पोस्टकार्ड)

पाना,

खूण बघू नकोस. पिनेला बोट लाव. प्रत्येक वेळी, बसण्याआधी. कारण विचारू नकोस.

काका


१० एप्रिल

काका,

पोस्टकार्ड आईच्या हातात पडलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

लावलं बोट. पिन आहे. मात्र या वेळी तिचे पाय वळवलेले नव्हते, नुसती भोकात सरकवून ठेवली होती, धक्क्यासरशी पडली असती. रेघ मात्र नेहमीपेक्षा ठळक. मी पाय वळवले आणि स्वतःला समजावलं की बाबाही घाईत असतील.

समजावलं, पण समजले नाही. त्या दिवसापासून शेडमध्ये जाताना उगाच खाकरते.

कारण विचारू नकोस असं जो म्हणतो त्याला कारण माहीत असतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं हे तुम्ही कधीपासून शिकलात? रॅलीला अकरा दिवस आहेत. माझ्या चाकाबद्दल तुम्हाला काही माहीत असेल आणि तुम्ही ते सांगत नसाल, तर मी पत्र लिहिणं बंद करीन. हे चेष्टेत लिहिलेलं नाही.

पाना


१४ एप्रिल

पाना,

चाक उघडं असेल तर आधी बोट लावून ये. मग पुढे वाच.

तुझं पंधरा मार्चचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं की तुला सगळं कळलंय आणि तू मला खेळवतेस. पिन कोणाची, सहज विचारते. चोराच्या मनात चांदणं. म्हणून ओरडल्यासारखं उत्तर लिहिलं आणि त्यात पुन्हा तेच खोटं लिहिलं. नंतर तू आखूड पाय डावीकडे असतो असं कळवलंस आणि मी दुकानाचं दार ओढून घेऊन खाली बसलो.

तो दादा नाही. तो मी आहे.

आपल्या घरात डावखुरा मी एकटाच. पिनेचा पाय तसा वळवणारा मीच. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मशिनीवर मान टाकून माझा डोळा लागतो. मार्चमधल्या त्या सोमवारी जागा झालो तेव्हा डाव्या अंगठ्यावर पिवळा रंग होता, ओला. हाताला ग्रीसचा वास. शिलाई मशिनीला पातळ तेल लागतं, माझ्या दुकानात ग्रीसचा डबाच नाही. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा होतं. दोन दिवसांच्या प्रवासावर तुझी शेड आहे आणि मी पंधरा मिनिटं झोपलेला असतो. कसं होतं ते मला विचारू नकोस. का होतं ते सांगतो.

त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. एक टप्पा मला चालवू दे असं मी म्हटलं आणि दादा हसला. चारचौघांत हसला. मी बोलणं टाकलं. दुपारी दुरुस्तीच्या थांब्यावर बारा मिनिटं होती. त्यानं चारही नट आवळले आणि पाणी प्यायला गेला. मी ब्रश उचलला आणि चारही चाकांवर आधीच पिवळ्या रेघा ओढल्या. रंग वाळायला नको म्हणून असं मी बऱ्याचदा करायचो, आधी खुणा आणि मग पिना. दादाला माहीत नव्हतं. तीन पिना घातल्या. डाव्या पुढच्याची खाच भोकासमोर येईना. आणखी थोडा आवळायला हवा होता आणि आवळायचं काम त्याचं. त्याला हाक मारायची म्हणजे बोलायचं. मी हाक मारली नाही. पिन शर्टाच्या खिशात टाकली आणि स्वतःच पाना आणायला गाडीमागे गेलो.

तेवढ्यात तो आला. चारही रेघा बघितल्या आणि बसला. मी पाना हातात घेऊन उभा होतो. गाडी सुरू झाली. दोन सेकंद होते, पाना. बोनेटवर हात आपटला असता तरी पुरे होतं. माझ्या मनात काय आलं ते आजवर कोणाला सांगितलं नाही. मनात आलं, जाऊ दे. पुढच्या थांब्यावर चाक डगडगलं की येईल झक मारत माझ्याकडे. तेव्हा बोलावंच लागेल.

तो थांबा आलाच नाही.

चौकशीत मी पिन तुटल्याचं सांगितलं. नट दरीत गेला होता, कोणाला काही सापडलं नाही. पिन माझ्या खिशात होती. घरी आल्यावर शर्ट काढून फेकला आणि दोन दिवसांनी तो धुऊन, घडी करून माझ्या पलंगावर आला. घडीवर पिन ठेवलेली होती. कोणी ठेवली हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्याच आठवड्यात मी घर सोडलं.

आता खरी भीती सांगतो. तो हात मी ओळखतो. आधी पिन घालून खूण करत होता. मी तुला खोटं लिहिलं, तसा तो पिन नुसती सरकवून ठेवायला लागला. एक दिवस तो खूण करेल आणि पिन घालणार नाही, कारण त्याला येतं ते तेवढंच. आणि तू बापासारखी खूण बघून बसशील. ठोसायचा नट घे म्हणून मी मागे लागलो होतो ते एवढ्यासाठीच. पण तो हात ते नट काढून टाकतो. मला वाटतं, त्याला दुसऱ्या माणसाशिवाय लागणारा नट नकोच आहे.

सोबत ती पिन पाठवतो. चौदा वर्षं तेलात ठेवली, एकदाही वळवलेली नाही. तिचं काय करायचं ते तू ठरव. मला शिव्या देणारं पत्र लिहिलंस तरी चालेल, पण लिही. एकवीस तारखेनंतर लिही.

काका


२३ एप्रिल

काका,

एकवीस तारखेनंतर लिहितेय, यावरून पहिलं उत्तर तुम्हाला कळलंच असेल.

तुमचं पत्र अठराला आलं. मला मिळालं एकवीसला. आईनं पाकीट चाचपलं, आत काय आहे ते तिच्या बोटांनाच कळलं, आणि तिनं ते तीन दिवस कपाटात लपवलं.

पहिले दोन टप्पे चांगले गेले. दुपारच्या थांब्यावर आम्हाला वीस मिनिटं होती. पुढच्या दोन्ही हबमधून घरघर येत होती, म्हणून नट काढून बेअरिंग बघितली आणि पुन्हा आवळलं. आवळणारी मी, पिनवाली चष्मिस. वहीत लिहिलंय तसंच. मी हात धुऊन आले, दोन्ही चाकांवर पिवळ्या रेघा बघितल्या. मला वाटलं चष्मिसनं पिना घातल्या. चष्मिस उजवी पिन घालून, खूण करून डावीकडे वळली, तिथे रेघ दिसली, तिला वाटलं मी घातली. दोघी समाधानानं आत बसलो. पट्टे आवळले. बोट लावायचं मी विसरले, काका. तुम्ही सांगितलेलं असूनही विसरले, कारण खूण इतकी स्वच्छ होती.

गाडी सुरू केली आणि समोर आई उभी. ती कधी कुठल्या रॅलीला आलेली नाही. बोनेटवर तिनं दोन्ही हात आपटले, असे की पत्र्याला पोचा आला आहे. मग खिडकीशी आली आणि पाकीट माझ्या मांडीवर टाकलं. "वाचल्याशिवाय जायचं नाही," म्हणाली. मी पाकीट फाडलं. पहिली ओळ वाचली, तेवढीच. उतरले. डाव्या चाकाच्या मधोमध बोट घातलं. भोक रिकामं होतं. खाच समोर आलेलीसुद्धा नव्हती. बोट बाहेर काढलं तर ते पिवळं झालेलं.

नट आणखी थोडा आवळला. तुमची पिन घातली. अगदी बरोबर बसली. पाय मी माझ्या पद्धतीनं वळवले, उजवीकडे. चष्मिसनं बोट लावून बघितलं आणि मग आईनंही लावलं. तीन मिनिटं उशिरा निघालो, अकरा गाड्यांत सातव्या आलो. चाक जागेवर आहे.

बाकीचं पत्र संध्याकाळी वाचलं. मी तुमच्यावर भयंकर रागावले आहे. पिन राहिली म्हणून नाही, पिन कोणाचीही राहते. दोन सेकंद होते आणि तुम्ही हाक मारली नाहीत, त्याचा राग आहे. आणि नंतर चौदा वर्षं होती. राग जाईल तेव्हा जाईल, मी वचन देत नाही. पण हे सांगायला तुम्ही उशीर केलात तरी वेळेवर केलात, तेही खरं.

नट मी कॅसलच ठेवणार. दुसरा माणूस लागतो म्हणूनच ठेवणार. खुणेचा नियम मात्र बदलला आहे. पिन घालणाऱ्यानं खूण करायची नाही. ज्यानं बोट लावलं त्यानं करायची.

खाली आईला चार ओळी लिहायच्या आहेत, म्हणून जागा सोडते.

पाना


भाऊजी,

शर्ट मी धुतला होता. पिन मीच वर ठेवली होती, तुम्ही बोलावं म्हणून. तुम्ही न बोलता निघून गेलात आणि मीही गप्प राहिले. पाकीट दडवून मी पोरीच्या बाबतीत तेच करणार होते. एकविसाला दुपारी पुरती घाबरले तेव्हा कळलं की मीही तुमच्याइतकीच दोषी आहे.

आज सकाळी पहिल्यांदा शेडमध्ये गेले. तुम्ही डाव्या चाकाशी उभे होतात, हातात ब्रश, केस पांढरे झालेले. मी चहा विचारला. तुम्ही मान वर केली नाहीत. माझ्यासमोर तुम्ही नटावर रेघ ओढलीत, मी ती पदरानं पुसली, तुम्ही पुन्हा ओढलीत. असं तिथं तुम्हाला एकट्याला राहू देणं मला बरं वाटत नाही.

बसनं या, दोन दिवस लागले तरी लागोत. पण आता सगळेच्या सगळे या.

वहिनी